ब्रिएन्झला पहिल्यांदा जाताय? व्हिसापासून बोटीपर्यंत सगळं क्रमाने

स्वित्झर्लंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी इंटरलाकेनला उतरतात, तिथून बर्फाचा एखादा डोंगर करतात आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या शहराला निघतात. पहिल्या वेळी आम्हीही तेच केलं होतं. इंटरलाकेनच्या पूर्वेला जो निळसर-हिरवा तलाव आहे त्याच्या दुसऱ्या टोकाला ब्रिएन्झ नावाचं गाव आहे हे मला तेव्हा बोटीतून दिसलं, तेही लांबून. दुसऱ्या वेळी आई-बाबा, नवरा आणि नऊ वर्षांची लेक अशी फौज घेऊन गेले ती सरळ ब्रिएन्झलाच, आणि तिथे पाच रात्री राहिलो. आता ओळखीपाळखीचे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर हे गाव मनापासून सुचवते, कारण इथे ट्रेन, बोट आणि डोंगरावर जाणारी रेल्वे ही तिन्ही स्टेशनं रस्त्याच्या अल्याड-पल्याड आहेत, दोन मिनिटं चालायचं, बस्स.

गावाचं नाव तिथली माणसं ‘ब्रीएन्त्स’ असं म्हणतात. आपण ब्रिएन्झ म्हटलं तरी कळतं त्यांना.

१. आधी कुठलं ब्रिएन्झ ते बघा

हा पहिला सापळा आणि यात मी स्वतः जवळजवळ अडकले होते. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ नावाची दोन गावं आहेत. आपल्याला हवंय ते बर्न राज्यातलं, तलावाकाठचं. दुसरं पूर्वेकडे ग्राउब्युन्डेन राज्यात आहे, त्याचं पूर्ण नाव ब्रिएन्झ/ब्रिन्झाउल्स. तिथे तलाव वगैरे काही नाही, उलट गावाच्या वरचा डोंगर सरकतोय म्हणून मे २०२३ मध्ये अख्खं गाव रिकामं केलं होतं, जूनमध्ये दरड खाली आली ती गावाच्या अगदी तोंडाशी येऊन थांबली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांना परत बाहेर काढावं लागलं. ‘ब्रिएन्झ रिकामं केलं’ अशी बातमी वाचून आईने मला रात्री अकरा वाजता फोन केला होता, ती बातमी त्या गावाची होती.

तिकीट काढताना आणि हॉटेल बुक करताना नकाशावर तलाव दिसतोय का ते बघा, आणि नावापुढे तिरकी रेघ मारून दुसरं नाव लिहिलं असेल तर थांबा.

आपल्या ब्रिएन्झलाही १२ ऑगस्ट २०२४ ला मोठा फटका बसला होता हे खरं आहे. जोरदार पावसाने वरच्या ओढ्यातून दगडगोटे आणि चिखल गावात घुसला, घरांचं नुकसान झालं, रेल्वेही बंद पडली. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी डोंगरावरची रेल्वे आणि बोट चालू आहे ना हे त्यांच्या वेबसाइटवर बघायची सवय ठेवा.

२. कधी जायचं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. याचं कारण सरळ आहे, बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर नियमित असतात, जवळचं बालेनबर्गचं जुन्या घरांचं म्युझियम एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत उघडं असतं, पण डोंगरावरची वाफेची रेल्वे वरचं बर्फ काढून झाल्यावरच म्हणजे जूनमध्ये सुरू होते. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर ती हुकते. आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होतात हे मला माहिती आहे, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच रेल्वे सुरू झालेली असेल आणि तारखा जुळत असतील तर बघा. आम्ही लेकीची आठवड्याभराची शाळा बुडवून सप्टेंबरमध्ये गेलो आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. गर्दी कमी, हवा स्वच्छ.

३. व्हिसा: कागद आधी जमवा, मग तारीख घ्या

शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर अजिबात विसंबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. मुंबईत आणि पुण्यात व्हीएफएस म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचं सेंटर आहे, अर्ज तिथे द्यायचा. फी मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, रुपयांत भरायची, सेंटरचे पैसे वेगळे. स्वित्झर्लंडचा व्हिसा तेव्हाच मागायचा जेव्हा तुमच्या सगळ्यात जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत. पॅरिसला चार आणि इथे तीन असं असेल तर अर्ज फ्रान्सकडे.

आमच्या फाइलमध्ये हे होतं:

- पासपोर्ट, परत यायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं
- भरलेला फॉर्म आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो
- किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, प्रवासाच्या सगळ्या दिवसांचा
- विमानाचं आणि सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग
- बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासकट
- इन्कम टॅक्स रिटर्न
- ऑफिसचं रजेचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा, बाबांसाठी पेन्शनचे कागद
- आई-बाबांचा खर्च आम्ही करणार असं पत्र आणि नातं दाखवायला माझा जन्मदाखला
- लेकीसाठी तिचा जन्मदाखला आणि शाळेचं पत्र
- रोजचा कार्यक्रम एका पानावर

इथली चूक म्हणजे नावं. आईच्या पासपोर्टवर नाव एक, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, आणि माझ्या जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव. आपल्याकडे घरोघरी हा प्रकार असतो. आम्ही लग्नाचा दाखला आणि एक साधं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि अडचण आली नाही, पण हे शेवटच्या दिवशी लक्षात आलं असतं तर धावपळ झाली असती. आणि कागद दाखवायला म्हणून खोटी बुकिंग बनवून देणारे एजंट भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. रद्द करता येईल असं खरं हॉटेल बुक करा, तेवढं पुरतं.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवीन पद्धत सुरू झालीय, त्यामुळे विमानतळावरून लगेचची ट्रेन पकडायचा हिशोब करू नका, दीड-दोन तास हाताशी ठेवा.

४. सामान: काय न्यायचं आणि काय मुळीच न्यायचं नाही

हे नीट वाचा कारण आपल्या बॅगांमध्ये निम्मं वजन खाण्याचं असतं. युरोपच्या बाहेरून येताना स्वित्झर्लंडमध्ये प्राण्यांपासून बनलेले पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे दूध, तूप, पेढे, खव्याची बर्फी, चीज, मांस काहीही नाही. ताजी फळं, भाज्या आणि पानंसुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, म्हणजे कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि आंबे घरी ठेवा. आईने तुपाची बाटली मोज्यात गुंडाळून ठेवली होती, ती मी विमानतळावर निघायच्या आधी काढली, ती थोडी रुसली पण तिथे जाऊन दंड भरण्यापेक्षा बरं. तिथलं लोणी इतकं छान असतं की दुसऱ्या दिवशी तिने तिथेच कढवून तूप केलं आणि ब्रिएन्झच्या त्या किचनमध्ये जो वास सुटला तो मला अजून आठवतो.

चालतं ते: भाजणी, मेतकूट, पोह्याचा चिवडा, डाळ-तांदूळ, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कोरड्या मसाल्यांची पाकिटं. सगळं बंद पाकिटात, वर नाव लिहून.

प्लगचा प्रकार तिथला वेगळा आहे. तीन गोल पिना आणि षटकोनी खळगा. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, पण आपला तीन पिनांचा बसत नाही आणि जर्मनीत चालणारा जाड गोल अडॅप्टरसुद्धा बसत नाही. ‘युरोप अडॅप्टर’ म्हणून जे विकतात ते घेताना स्वित्झर्लंडला चालतं का हे विचारूनच घ्या. बाबांना झोपताना श्वासाचं मशीन लागतं, त्याचा प्लग तीन पिनांचा, आणि पहिल्या रात्री आम्ही घरमालकीणबाईंकडून अडॅप्टर मागून आणला.

बाकी पावसाचं जॅकेट प्रत्येकाला, पातळ स्वेटर, घसरणार नाहीत असे बूट. ऑगस्टमध्येसुद्धा डोंगरावर गार वारं असतं.

५. पैसे

युरो नाही, स्विस फ्रँक. युरो काही दुकानांत घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. मशीनवर ‘रुपयांत की फ्रँकमध्ये’ असं विचारलं तर डोळे मिटून फ्रँक दाबा, रुपये दाबलं की दर वाईट लागतो.

थोडी नाणी मात्र जवळ ठेवा. लॉकर, काही टॉयलेट, आणि रस्त्यावर शेतकऱ्यांनी ठेवलेल्या छोट्या कपाटांसाठी. ही कपाटं मला फार आवडली. घराबाहेर एक लाकडी कपाट, आत चीज, अंडी, मध, बाजूला पैशांची डबी, माणूस कुणी नाही. वस्तू घ्यायची, पैसे टाकायचे. लेकीने डबीत नाणी टाकून दोनदा मोजून बघितली, बरोबर आहेत ना म्हणून.

६. झ्युरिकवरून ब्रिएन्झ: कुठे बसायचं

झ्युरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून लुझर्नला थेट ट्रेन, मग लुझर्नहून इंटरलाकेनला जाणारी छोट्या रुळांची ट्रेन, ती ब्रिएन्झला थांबते. सगळं मिळून पावणेतीन तासांच्या आसपास. एसबीबी म्हणजे तिथल्या रेल्वेचं ॲप मोबाइलवर आधीच टाकून ठेवा, प्लॅटफॉर्म नंबरसकट सगळं त्यात दिसतं आणि ते खरोखर त्या मिनिटाला सुटतात.

लुझर्नला दुसऱ्या ट्रेनमध्ये चढल्यावर उजव्या बाजूला बसा. आधी सार्नेनचा तलाव उजवीकडे, मग लुंगर्नचा तलाव खाली उजवीकडे, मग ट्रेन दातेरी रुळांवरून ब्रुनिग खिंडीत चढते, साधारण १,००० मीटरवर, आणि पलीकडे उतरून मायरिंगेनला येते. मायरिंगेनला ट्रेन उलटी फिरते, म्हणजे आली त्याच दिशेने परत निघाली असं वाटतं. बाबा एकदम उठून उभे राहिले, ‘अगं ही परत चाललीय’ म्हणाले, आणि डब्यातले आणखी दोघं भारतीय पण घाबरून बॅगा काढायला लागले. घाबरू नका, ती बरोबरच जातेय, स्टेशनची रचनाच तशी आहे. आणि उलटी फिरल्यामुळे तुमची उजवी बाजू आता डावी होते आणि ब्रिएन्झचा तलाव बरोबर तुमच्याच खिडकीत येतो. जागा बदलायची गरजच पडत नाही.

तिकिटाशिवाय ट्रेनमध्ये चढू नका. आत तिकीट मिळत नाही आणि दंड १०० फ्रँकच्या आसपास बसतो.

७. पास घ्यायचा की नाही

यावर लोक रात्र रात्र घालवतात. माझा सरळ सल्ला असा: चार-पाच दिवसांत तीन-चार शहरं करणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास, त्यात ट्रेन, बस, बोट सगळं येतं आणि म्युझियमसुद्धा, बालेनबर्ग धरून. एकाच ठिकाणी राहून फिरणार असाल तर हाफ फेअर कार्ड घ्या, बहुतेक प्रवास अर्ध्या किमतीत. आम्ही पाच दिवस ब्रिएन्झलाच होतो म्हणून हाफ फेअर घेतलं आणि हिशोब बरोबर बसला. ज्यांना तारीख पक्की माहिती आहे त्यांना एका दिवसाचा सेव्हर डे पासही असतो, तो जितका आधी घ्याल तितका स्वस्त पण पैसे परत मिळत नाहीत.

सोळा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डवर फुकट प्रवास आहे, मात्र आई किंवा वडील सोबत हवेत. आजी-आजोबा एकटेच नातीला घेऊन बोटीत बसले तर ते कार्ड चालत नाही, तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

डोंगरावरच्या रेल्वेला ट्रॅव्हल पासवर फक्त सवलत मिळते, फुकट नाही. हे लोक धरूनच चालतात आणि तिकीट खिडकीवर वाद घालतात.

८. मुक्काम आणि किचन

किचन असलेलं अपार्टमेंट बघा. हॉटेलात पाच माणसांच्या दोन खोल्या आणि रोजचं बाहेरचं जेवण यात पैसे संपतात. घर घेताना तीन गोष्टी विचारा: स्टेशनपासून चढ किती आहे, लिफ्ट आहे का, आणि शेवटी सफाईचे पैसे वेगळे आहेत का. ब्रिएन्झ तलावापासून वर डोंगराकडे चढत गेलंय, नकाशावर ३०० मीटर दिसतं पण ते सगळं चढाचं असतं.

दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स घेतात आणि त्याबदल्यात गेस्ट कार्ड देतात, ते मागून घ्या. त्यावर काय काय सवलती आहेत ते छापलेलं असतं, अनेक जण ते ड्रॉवरमध्ये ठेवून विसरतात.

कचरा हा वेगळाच विषय. तिथे कचऱ्याच्या पिशवीचेच पैसे असतात, ठरलेल्याच पिशवीत कचरा टाकायचा, काच आणि कॅन वेगळे. मालकांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या. रात्री दहानंतर शांतता, रविवारी व्हॅक्यूम किंवा आरडाओरडा नको.

आणि रविवारी दुकानं बंद! कोप आणि मिग्रो ही दोन सुपरमार्केटं, आठवड्यातही संध्याकाळी लवकर बंद होतात. पहिल्या वेळी आम्ही नेमके रविवारी संध्याकाळी पोचलो होतो आणि रात्री चिवडा आणि सफरचंद यावर भागवलं. शनिवारीच सगळं भरून ठेवा. मोठ्या स्टेशनांवरची दुकानं रविवारी उघडी असतात, लुझर्नला गाडी बदलताना दूध-ब्रेड घेऊन टाका.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी पितात, गावातल्या लाकडी हौदांतलंसुद्धा, ‘पिऊ नका’ असं लिहिलेलं नसेल तर.

९. बाहेर शाकाहारी जेवताना

रोष्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस थालीपीठासारखी भाजलेली चकती, ती सगळ्यांना आवडते, पण त्यात बऱ्याच ठिकाणी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात. तसंच मॅकरोनी-बटाटा-चीजचा एक पदार्थ असतो, सोबत सफरचंदाचा गोड मोरंबा देतात, त्यातही ते तुकडे असू शकतात. ‘व्हेजिटारिश’ म्हणा आणि पुढे ‘ओने श्पेक’ म्हणजे मांसाचे तुकडे नकोत असं स्पष्ट सांगा. सूपचं पाणी मांसाचं आहे का तेही विचारा. माझी आई लसूणसुद्धा चातुर्मासात खात नाही, त्यामुळे बाहेर तिच्यासाठी फक्त चीज-ब्रेड आणि सॅलड, बाकी घरी खिचडी. जे कडक शाकाहारी आहेत त्यांना सांगते, चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ वापरलेला असू शकतो, चालत नसेल तर पाकीट बघून घ्या.

१०. आता फिरायचं: पहिला दिवस फक्त तलाव

पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका, झोप पूर्ण झालेली नसते. काठाने एक सपाट फरसबंदी वाट आहे, बाकं आहेत, बाबांच्या गुडघ्यांना चालेल अशी. पाण्याचा तो रंग खरोखर तसाच असतो, फोटोतला फिल्टर नाही. वरच्या हिमनद्या खडक घासत घासत पीठ करतात आणि ते पीठ आरे नदीतून वाहत येऊन तलावात तरंगत राहतं, त्यावर ऊन पडलं की तो दुधट निळा-हिरवा दिसतो. सकाळी वेगळा, ढग आले की करडा. बाबांनी चहाच्या ग्लासात तलावाचं पाणी घेऊन उन्हात धरलं आणि तसंच ठेवून दिलं, तर तळाशी अगदी पुसट पांढुरका थर बसला. ‘हे बघ, डोंगर खाली बसला’ म्हणाले.

पाणी मात्र ऑगस्टमध्येसुद्धा गार असतं आणि तलाव काठापासून लगेच खोल होतो, सगळ्यात खोल जागी २६० मीटर. पोहायचंच असेल तर गावाच्या पोहण्याच्या ठिकाणीच.

मग ब्रुनगासे नावाची गल्ली बघा. दोन्ही बाजूंना काळपट पडलेली जुनी लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं. लोक राहतात तिथे, त्यामुळे अंगणात शिरून फोटो काढू नका.

११. लाकडाचं काम: घाईत बघू नका

ब्रिएन्झ लाकडावरच्या कोरीवकामासाठी ओळखलं जातं आणि त्याची सुरुवात भुकेतून झालीय. १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, तेव्हा ख्रिश्टियन फिशर नावाच्या माणसाने लाकडाच्या वस्तू कोरून येणाऱ्या प्रवाशांना विकायला सुरुवात केली, आणि पुढे सगळं गाव त्यात पडलं. १८८४ मध्ये कोरीवकामाची शाळा निघाली, ती आजही आहे, आणि व्हायोलिन बनवायची शाळा पण इथेच आहे. सावंतवाडीची चितारआळी आणि तिथली लाकडी खेळणी ज्यांनी बघितलीत त्यांना इथे लगेच आपलं वाटेल.

एका दुकानात आतल्या बाजूला एक आजोबा खिडकीशी बसून अस्वल कोरत होते. लिंडनचं फिकट लाकूड, मऊ. त्यांच्यासमोर वीस-पंचवीस पटाश्या ओळीने, सगळ्यांची टोकं त्यांच्याकडे, आणि ते न बघता हात घालून हवी तीच उचलायचे. केसांसाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक पटाशी, प्रत्येक केस एकाच ढकलीत, आणि भुसा न पडता लांब कुरळी सालं पडायची. लेकीने त्यातली तीन सालं मागून घेतली, ती अजून तिच्या कंपासपेटीत आहेत.

विकत घेताना ‘इथे हाताने कोरलेलं आहे का’ असं थेट विचारा. मशीनवरची आणि बाहेरून आलेलीही बरीच असतात आणि दिसायला सारखी दिसतात. उलटी करून तळ बघा, हाताच्या कामात पटाशीच्या खुणा दिसतात. खरी वस्तू महाग असते, लहानशी गायसुद्धा. दहा मॅग्नेट घेण्यापेक्षा एक गाय घ्या.

१२. रोटहॉर्नची वाफेची रेल्वे

रोटहॉर्न म्हणजे गावामागचा डोंगर. १८९२ मध्ये सुरू झालेली ही दातेरी रुळांची रेल्वे साडेसात किलोमीटरमध्ये जवळजवळ १,७०० मीटर वर चढते, तासभर लागतो. इंजिनाचा बॉयलर मुद्दाम तिरका बसवलेला आहे, सपाटीवर तो पुढे झुकलेला विचित्र दिसतो, पण चढावर लागला की बरोबर आडवा होतो आणि आतलं पाणी समतल राहतं. मुलांना हे खाली स्टेशनवरच दाखवा म्हणजे वर गेल्यावर कळतं. मध्ये प्लानाल्प स्टेशनला इंजिन पाणी पितं.

सकाळी उठल्या उठल्या आधी वरचा वेबकॅम बघा. खाली गावात ऊन असतं आणि वर दाट धुकं, किंवा उलटही. आम्ही एक दिवस थांबलो, दुसऱ्या दिवशी गेलो आणि वरून पूर्ण रांग दिसली, खाली तो तलाव. सीटचं बुकिंग आधी केलेलं बरं, म्हणून हवामानाचा अंदाज बघून दोन-तीन दिवस आधी करा, महिनाभर आधी नको. जाताना तलावाच्या बाजूची खिडकी मिळाली तर उत्तम. वरचं स्टेशन २,२४४ मीटरवर आहे, शिखर आणखी शंभरेक मीटर उंच. बाबा स्टेशनजवळच बसले, आम्ही चढलो. बीपी किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच वर जा आणि वर पळापळ करू नका.

शेवटची उतरणारी गाडी कुठली ते वर पोचल्यावर लगेच बघून ठेवा.

१३. गीसबाख आणि इसेल्टवाल्ड: बोटीचा दिवस

ब्रिएन्झवरून बोटीने पहिला थांबा गीसबाख. धक्क्यावरून वर जायला लाल डब्यांची छोटी केबल रेल्वे आहे, १८७९ ची, एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि मधोमध एकमेकांना ओलांडतात. वर जुनं भव्य हॉटेल आणि त्याच्या समोर चौदा टप्प्यांत कोसळणारा धबधबा. पायवाट धबधब्याच्या मागून जाते, पाण्याच्या आडून तलाव दिसतो, पण तिथे ओलं असतं, कॅमेरा झाकून घ्या. १९८० च्या दशकात हे हॉटेल पाडायची वेळ आली होती, फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरण कार्यकर्त्याने लोकवर्गणीतून ते वाचवलं.

तिथून इसेल्टवाल्डपर्यंत काठाकाठाने झाडीतून दीड तासांची वाट आहे. धडधाकट माणसांनी चालावी, बाकीच्यांनी बोट पकडावी आणि तिकडे भेटावं, आम्ही तसंच केलं. इसेल्टवाल्डचा एक लाकडी धक्का कोरियन मालिकेमुळे इतका प्रसिद्ध झाला की आता त्यावर जायला ५ फ्रँक लागतात, फाटक बसवलंय. रांग असेल तर सोडून द्या, शेजारच्या बाकावरून तोच तलाव फुकट दिसतो.

१४. बालेनबर्गला पूर्ण दिवस द्या

स्टेशनवरून बस जाते. १९७८ मध्ये उघडलेलं हे खुलं म्युझियम आहे, देशभरातली शंभराहून जास्त जुनी घरं तिथून सोडवून, एक एक तुळई नंबर घालून इथे आणून परत उभी केली आहेत. आत चुली पेटलेल्या असतात, भट्टीत पाव भाजतात, चीज करतात, शेळ्या-कोंबड्या हिंडतात. दोन दरवाजे आहेत, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, एकाने शिरून दुसऱ्याने बाहेर या आणि तिथून बस पकडा, परत उलटं चालू नका. आईने एका घरातलं जातं बघितलं आणि दांडा धरून उभीच राहिली, तिच्या आजोळी सातारा जिल्ह्यात तसंच होतं म्हणून.

पाऊस असेल तर मायरिंगेनजवळची आरे नदीची घळ करा, लाकडी फळ्यांच्या वाटेने खडकांच्या मधून जाता येतं. रेनकोट लागतोच.

१५. काही झालं तर

अँब्युलन्स १४४, सगळ्यासाठी ११२, डोंगरातून हेलिकॉप्टरची मदत १४१४. इन्शुरन्सचा नंबर आणि औषधांची चिठ्ठी, गोळ्यांच्या मूळ नावांसकट, प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी ठेवा. बाबांची बीपीची गोळी बॅगेत राहिली होती आणि बॅग खाली घरी, तेव्हापासून आम्ही एक पट्टी त्यांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला लागलो.

१६. परत निघताना

ट्रेनने जाऊ नका, वेळ असेल तर सामानासकट बोटीने इंटरलाकेनला जा. सव्वा तास लागतो आणि बोट इंटरलाकेन ओस्ट स्टेशनच्या अगदी मागे लागते, तिथून बर्नमार्गे झ्युरिक विमानतळ. विमानाच्या किमान सहा-सात तास आधीची बोट धरा, आदल्या दिवशी वेळापत्रक धक्क्यावर बघून या कारण सीझनप्रमाणे वेळा बदलतात. बोटीत चढल्यावर बॅगा खाली ठेवायची जागा असते आणि वर डेकवर मोकळं बसता येतं. आई डेकवर मागच्या बाकावर गावाकडे तोंड करून बसली, शाल डोक्यावरून घेऊन, आणि वळणाआड चर्चचा मनोरा दिसेनासा होईपर्यंत पुढे वळलीच नाही.